शार्कला घाबरणाऱ्या पुणेकराने समुद्रात कयाकवरून मासे कसे धरावेत

आधीच सांगून टाकतो, मी अजूनही घाबरतो. चार सीझन झाले, दिवाळीनंतर ते होळीपर्यंत महिन्यातून एक-दोन रविवार ताम्हिणी उतरून श्रीवर्धनच्या बाजूला जातो, प्लास्टिकच्या कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीवर, बसून गळ टाकतो आणि दर वेळी पहिली वीस मिनिटं माझे डोळे मासे शोधतच नसतात, ते पाण्यातून वर आलेलं एक तिकोनी फिन शोधत असतात. त्यामुळे भीती कशी घालवायची हे मी सांगू शकत नाही. ती असताना मासेमारी कशी करायची, एवढंच माझ्याकडे आहे.

आपण पुणेकर पाण्याच्या बाबतीत तसे कच्चेच. खडकवासल्याच्या भिंतीवर कणीस खाणे म्हणजे जलपर्यटन. समुद्र वर्षातून एकदा बघायचा, गुडघ्यापर्यंत पाण्यात जायचं, उंटावर बसायचं, परत. मग तिशी ओलांडल्यावर हिंजवडीत एसीत बसून कयाक फिशिंगचे व्हिडिओ बघायचे आणि त्याखाली मोबाईल आपसूक दुसरा व्हिडिओ दाखवतो, की कयाकला शार्कने कसा धक्का दिला. तर पहिला नियम हाच: शनिवारी निघायचं असेल तर बुधवारपासून हे व्हिडिओ बंद. गंमत म्हणून सांगत नाहीये. रात्री अकरा वाजता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली झोपून जी भीती वाटते ती समुद्रात वाटते त्याच्या दुप्पट असते, आणि तिथे वल्हं मारायलाही मिळत नाही.

आधी हिशेब

फ्लोरिडामध्ये शार्कच्या हल्ल्यांची जगभरची नोंद ठेवतात, इंटरनॅशनल शार्क अटॅक फाईल नाव आहे तिचं. माणसाने काही कुरापत न काढता शार्क चावली असे प्रकार २०२३ मध्ये त्यांच्या नोंदीत ६९ होते, २०२४ मध्ये ४७. अख्ख्या जगात, वर्षभरात. त्यातही बहुतेक सर्फिंगवाले आणि पोहणारे. आणि इकडे आपल्या देशात बुडून मेलेल्यांचा सरकारी आकडा २०२२ चा बघा, ३८ हजारांच्या वर. नदी, विहीर, धरण, समुद्र सगळं धरून आहे तो, पण मुद्दा लक्षात आला असेल.

पण "आपल्याकडे असं काही होतच नाही" हे मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला, चांगली मोठी जखम झाली. तेव्हा मला चार जणांनी ती बातमी फॉरवर्ड केली होती, त्यात आईने दोनदा. त्यातून घ्यायचं काय, तर खाडीचं गढूळ पाणी आणि पाण्यात उतरलेला माणूस, या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. आपण कयाकवर बसलेले असतो, पाय आत असतात. बस्स, तसेच ठेवायचे.

आकडे पाठ करून भीती जात नाही हेही सांगतो. मला पाठ आहेत तरी जात नाही. आकड्यांचा उपयोग एवढाच की घरच्यांना उत्तर देता येतं.

पहिली पायरी गणेश पेठेत

हे मला कोणी सुचवलं नव्हतं, चुकून झालं. सकाळी लवकर गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा आणि मुशी आहे का विचारा. मुशी म्हणजेच शार्क, मालवणकडचे मोरी म्हणतात, तिचं मटणासारखं झणझणीत कालवण करतात. पुण्यातले निम्मे लोक शार्कला घाबरतात आणि त्यातले काही मालवणी खानावळीत बोटं चाटत मोरी खाऊन येतात.

पाटीत जी मुशी असते ती बहुतेक वेळा हातभर, म्हणजे अर्धा-पाऊण मीटर. राखाडी पाठ, पांढरं पोट, चपटं लांबट नाक. तिला हात लावा, विकणारी मावशी ओरडणार नाही, फार तर "घेनार हाय का नुसतंच बगनार" म्हणेल. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला की पॉलिश पेपर. मानेजवळ दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा, त्या कल्ल्याच्या फटी. तोंड खालच्या बाजूला. मी पहिल्यांदा बोटाने तिचे दात बघितले तेव्हा हात थरथरत होता, तिसऱ्या रविवारी अर्धा किलो मुशी घेऊन आलो. कोकणच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात जी मुशी जास्त सापडते ती हीच, एवढीच. मोठ्या जाती आहेत अरबी समुद्रात, नाही असं नाही, पण "शार्क" म्हटल्यावर डोक्यात जे सहा मीटरचं धूड येतं त्याच्या जागी हळूहळू ही पाटीतली यायला लागते. तेवढा फरक पुरतो.

आणि ते व्हेल शार्कचं. गुजरात-महाराष्ट्राच्या समुद्रात येते, दहा-बारा मीटरची होऊ शकते, म्हणजे पीएमपीची मोठी बस. खाते काय, तर प्लवंग आणि बारीकसारीक जीव, पाणी गाळून. २००१ पासून तिला कायद्याचं संरक्षण आहे. कयाकखालून बस गेली तर माझा जीव जाईल हे खरं, पण तो बसमुळे जाणार नाही.

पवनेत पडायला शिका

शार्कच्या भीतीच्या आत खरं तर दुसरी भीती बसलेली असते: कयाक उलटली आणि मी पाण्यात पडलो, खाली पाय लोंबकळतायत, मग काय? म्हणून त्या "मग काय"चं उत्तर आधी शिकायचं. पवना, मुळशीच्या बाजूला कॅम्पवाल्यांकडे भाड्याने कयाक मिळतात. तिथे लाईफ जॅकेट घालून, पट्टे आवळून, ओळखीचा कोणीतरी सोबत घेऊन, किनाऱ्याजवळ मुद्दाम उलटा. पोहता येत नसेल तर आधी टिळक तलावावर किंवा जवळच्या टँकवर जाऊन शिका, त्यात लाज काय. मी एकतीसाव्या वर्षी सात वर्षांच्या पोरांबरोबर शिकलो, ती माझ्या पुढे गेली.

कयाक घ्यायची ती सिट-ऑन-टॉप, म्हणजे जिच्या वर बसतो ती. आत पाय घालून बसतात ती नको, ती पाण्याने भरते. सिट-ऑन-टॉपचं पोट बंद, हवेने भरलेलं असतं, आणि आरपार भोकं असतात त्यातून वरचं पाणी आपोआप निघून जातं, त्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही, फक्त सरळ करायची आणि वर चढायचं. चढायची पद्धत: कडेला मधोमध या, पलीकडची कड किंवा पट्टा धरा, पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत मारत राहा म्हणजे अंग आडवं होईल, मग स्वतःला आत ओढा. आधी पोट, मग वळून बूड, मग पाय. पोट-बूड-पाय, हे मंत्रासारखं म्हणा. लोक चूक काय करतात तर पाय खाली लोंबते ठेवून नुसत्या हातांनी वर चढायला बघतात, मग कयाक अंगावर येते. दहा वेळा करा. पहिल्यांदा मला जवळजवळ पाच मिनिटं लागली होती आणि नाकातोंडात पवना गेली होती, आता पंधरा-वीस सेकंदांत होतं. आणि हे जमलं त्या दिवशी माझी शार्कची भीती जी उतरली ती कुठल्याही आकड्याने उतरली नव्हती, कारण पाण्यात किती वेळ राहावं लागेल ते आता माहीत होतं.

भीतीचं एक माप ठेवा, शून्य ते दहा. बाजारात मुशीला हात लावणं माझ्यासाठी चार होतं. पवनेत उलटणं सहा. समुद्रात नुसतं किनाऱ्याला समांतर वल्हवणं, रॉड न घेता, सात. रॉड घेऊन पाचशे मीटर आत, नऊ. एक पायरी तीन-चार वर येईपर्यंत तीच परत परत करायची, पुढची नाही. सगळ्यांसोबत जायचं म्हणून थेट नऊवर उडी मारली की भीती दुप्पट होऊन बसते, माझ्या मावसभावाचं तेच झालं, त्याची कयाक आता गच्चीवर उलटी पडलीये आणि तिच्यावर पापड वाळत घालतात. आणि ज्यांना समुद्राचा फोटो बघूनही छातीत धडधडतं, रात्र रात्र झोप लागत नाही, त्यांनी हे असं स्वतःचं स्वतः करू नये, समुपदेशकाकडे जावं, त्यांच्याकडे हेच पायरी-पायरीचं काम नीट पद्धतशीर करून घेतात.

वारा, पाणी, तिथी

आता खरी भीती कशाची बाळगायची ते. वाऱ्याची. कोकणात हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो, मतलई, आणि ऊन तापलं की तो फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी पाण्यावर पांढरे तुरे उठतात. म्हणून पहाटे उजाडताना पाण्यात आणि दहाच्या आत बाहेर. मतलईचा धोका हा की तो तुम्हाला हळूच आत ढकलत असतो, मासा लागत असताना कळत नाही, मान वर केली की किनाऱ्यावरची माडं काडेपेटीएवढी झालेली असतात. मला पहिल्या सीझनला असंच झालं, मी शार्कसाठी डावी-उजवीकडे बघत बसलो आणि किनारा मागे दीड किलोमीटर गेला. परत यायला सव्वा तास, खांद्यांची पार वाट लागली.

तेव्हापासून मी भीतीला काम दिलंय. शार्कचा विचार मनात आला रे आला की तीन गोष्टी मोठ्याने म्हणायच्या: वारा कुठून, किनारा किती, जोडीदार कुठे. उत्तर बघून द्यायचं, अंदाजाने नाही. मग श्वास, चार मोजत आत, सात-आठ मोजत बाहेर, तीनदा. मला पहिल्या तासात हा विचार किमान पंधरा वेळा येतो, म्हणजे पंधरा वेळा वारा तपासला जातो. माझा जोडीदार अजिबात घाबरत नाही आणि तो एकदाही तपासत नाही, त्यामुळे दोघांचं मीच बघतो.

भरती-ओहोटीचं टेबल मोबाईलवर मिळतं, ते बघाच, पण जुना हिशेबही शिकून ठेवा, बंदरावर लोक अजून तसंच बोलतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. नवमीला पावणेसात. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो कृष्ण असो, सकाळ आणि संध्याकाळ, अर्धा तास इकडेतिकडे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, नवख्यांनी त्या दिवसांत जाऊच नये. अष्टमी-नवमी-दशमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ, आपले दिवस ते. एकादशीही तशी बरी असते पण मासे मारायला जाताय हे आईला सांगू नका.

खाडीच्या मुखाशी जायचं नाही. बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते तिथे ओहोटी लागली की पाणी असं बाहेर धावतं की कयाकचं वल्हं त्याला पुरं पडत नाही. हरिहरेश्वरच्या खडकांपासूनही लांब, लाटा तिथे फसव्या आहेत. मला श्रीवर्धनचा सपाट वाळूचा किनारा आवडतो. तोटा एकच, ओहोटीला पाणी लांब जातं आणि अठ्ठावीस किलोची कयाक ओल्या वाळूतून ओढताना आपण आयटीत आहोत हे कळतं. दोन चाकांची गाडी मिळते खाली लावायला, ती घ्या.

पावसाळ्यात विषय बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंदी असते, ती तुमच्या कयाकला लागू आहे की नाही याचा कीस पाडू नका, नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ देतात त्याआधी आपण शहाणपणा करायचा नसतो. आणि मी तर दिवाळीपर्यंत थांबतो. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा, लाटांची उंची मीटरभराच्या वर दिसली तर सरळ मिसळ खायला जा.

बंदरावर आधी राम राम

हे लोक विसरतात. पोचल्यावर आधी कोळीवाड्यात कोणालातरी भेटायचं, कुठे जाणार, किती वाजता परत येणार ते सांगायचं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे सगळे बारकाईने बघतात, त्यात तुमची भडक केशरी कयाक. आधार कार्ड वॉटरप्रूफ पाऊचमध्ये मोबाईलसोबत. खुंट्यांना बांधलेली डोलीची जाळी कुठे लावलीत ते विचारायचंच, ओढीच्या पाण्यात कयाक जाऊन त्या खुंट्यांना अडकली तर सुटणं कठीण, आणि जाळं तुटलं तर तुमची चूक. पाण्यावर बोया दिसल्या की लांबून.

मी पहिल्यांदा एका नाखवाकाकांना घाबरत घाबरत विचारलं, "काका, इथे मुशी येते का हो?" त्यांना वाटलं मला विकत पाहिजे. म्हणाले, "आज नाय, परवा आलास तर ठेवतो. किती किलो?"

तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आणि ११२ आहेच. दोन्ही सेव्ह करा आणि घरी जो बसलाय त्यालाही द्या, "अकरापर्यंत फोन आला नाही तर हा लाव" असं सांगून.

सामान, आणि त्यातलं भीतीचं सामान

रॉड सहा-सात फुटी स्पिनिंग, रील ३००० किंवा ४००० मापाची, वीस ते तीस पाऊंडाची ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आणि पुढे वावभर चाळीस पाऊंडाचा लीडर, म्हणजे जाड दोरा, कारण तांबोशी आणि गोबरा खडकात घुसतात आणि दोरा घासला की संपलं. तीस ते साठ ग्रॅमचे जिग, म्हणजे पाण्यात वर-खाली नाचवायचे धातूचे गळ, नाहीतर जिगहेडवर, म्हणजे वजन लावलेल्या गळावर, रबरी मासा. बांगड्यांचा थवा वर आला असेल तर बारीक जिगही पुरतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर रील दोरा सोडेल ते, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ठेवायचा, वीस पाऊंडाच्या दोऱ्याला पाच, म्हणजे सव्वादोन किलो. जास्त आवळला तर मोठा मासा कयाक कलंडवतो, आणि बाजूला ओढ बसली तर हमखास.

वल्ह्याला दोरी, रॉडला दोरी, स्वतःला नाही. स्वतःला कयाकशी बांधून घेणारे महाभाग मी पाहिलेत, लाटेत उलटल्यावर ती दोरी कुठे अडकेल सांगता येत नाही. लाईफ जॅकेट अंगावर, पायाशी नाही. शिट्टी जॅकेटला. लहान सुरी हाताशी, पक्कड, पाणी किमान दोन-तीन लिटर, टोपी, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट.

आता ज्या गोष्टी मी फक्त भीतीमुळे करतो आणि त्या सगळ्याच बरोबर निघाल्या. धरलेला मासा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा नाही, सरळ बर्फाच्या पिशवीत. मासा कयाकवर साफ करायचा नाही, आतडी पाण्यात टाकायची नाहीत, रक्ताचं पाणी ओतायचं नाही. किलोमीटरभरावरून शार्कला एका थेंबाचा वास येतो वगैरे अतिशयोक्ती आहे पण वास आणि तडफड या दोन्हींनी त्या जवळ येतात हे खरं. तिन्हीसांजेला पाण्यात नाही. नदीच्या गढूळ पाण्यात नाही. पाय बाहेर सोडून बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

तो सकला

दुसऱ्या सीझनची गोष्ट. किनाऱ्यापासून सात-आठशे मीटर, सूर्य नुकताच डोंगरावर आलेला, पाणी हिरवट गढूळ, हातभर खोलीच्या पुढे काही दिसत नाही. जिग वर खाली करतोय आणि उजव्या हाताला, वल्ह्याच्या पात्यापासून दीड हातावर, एक तपकिरी सावली वर आली. माझ्या पायाएवढी लांब, नाही, त्याहून मोठी. चपटं डोकं. दोन्ही बाजूंचे पर विमानासारखे पसरलेले. हलत नव्हती, नुसती कयाकसोबत तरंगत होती, एक डोळा वर करून. मी गुडघे छातीशी घेतले. सिट-ऑन-टॉपवर गुडघे छातीशी घेतले की तोल जातो हे पवनेत कोणी शिकवत नाही. कयाक डावीकडे कलली, वल्हं हातातून सुटलं, दोरीला लोंबलं, मी दोन्ही हातांनी कडा धरून बसलो आणि तोंडातून जे निघालं ते आईच्या नावाने होतं.

पन्नास मीटरवर नाखवाकाकांची होडी होती. त्यांनी मान लांब करून बघितलं आणि ओरडले, "अरे सकला हाय तो! टाक की गळ!"

सकला म्हणजे कोबिया, मोडोसाही म्हणतात. शार्कसारखाच दिसतो, लोक सगळीकडे फसतात, आणि त्याला सवयच आहे होड्यांच्या, मोठ्या पाकटांच्या (ते चपटे, शेपटीला काटा असलेले मासे), तरंगत्या ओंडक्यांच्या आसपास राहायची. ओळखायचं कसं: पाठीवर मुशीसारखं उंच तिकोनी फिन नसतं, पुढे आखूड काटे असतात, आणि अंगावर गडद पट्टा असतो. चवीला अप्रतिम, हे मी नंतर दुसऱ्याने धरलेला खाऊन सांगतोय, कारण माझा गळ टाकेपर्यंत तो निघून गेला होता.

फिन दिसलं तरी आधी ते कसं हलतंय ते बघा. कोकणात डॉल्फिन भरपूर. डॉल्फिनचं फिन गोल चक्रासारखं वर येतं आणि खाली जातं, सोबत फुस्स करून श्वासाचा आवाज. मुशीचं फिन वर-खाली होत नाही, सरळ रेषेत पाणी कापत जातं आणि मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलतं. माझ्या चार सीझनचा स्कोअर: डॉल्फिन तीस-चाळीस, सकला एक, तरंगणारी चप्पल दोन, मुशी शून्य.

आणि खरंच आली तर

लहान मुशी गळाला लागू शकते. तिला मांडीवर घ्यायचं नाही. अंगाला अंग लागलं तरी सालं निघतात, आणि ती शेपटी धरली की वळून चावू शकते. कयाकच्या बाजूलाच पाण्यात ठेवून गळाजवळ दोरा कापा, जाऊ द्या. शार्क आणि पाकटांच्या काही जाती, करवत मासा वगैरे, कायद्याने संरक्षित आहेत आणि पाण्यावर हेलकावे खात जात ओळखायचा शहाणपणा आपल्याला नको. गणेश पेठेत मिळते तेवढी पुरे.

मोठी दिसली, आणि ती तुमच्या माशामागे आहे असं वाटलं, तर मासा तिचा. दोरा कापा. रॉड आडवा ठेवा, पाय आत, बूड मधोमध, आणि जोडीदाराकडे किंवा किनाऱ्याकडे लांब, शांत वल्हे मारत चला. पाण्यावर धपाधप आपटायचं नाही. जोडीदाराला हाक मारा, दोन कयाक जवळजवळ आल्या की दोघांनाही बरं वाटतं, निदान दोघं मिळून घाबरता येतं. आमचा शब्द ठरलाय, "चहा". कोणीही चहा म्हटलं की कारण न विचारता दोघांनी किनारा गाठायचा. मी तो आतापर्यंत पाच-सहा वेळा वापरलाय, एकदाही त्याने चिडवलं नाही, किनाऱ्यावर गेल्यावर फक्त चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

जे खरंच चावतात, टोचतात

पाकट. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांच्या पायांना पाकटांनी डंख मारला होता. कयाक किनाऱ्याला लावून उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत घासत चालायचं, पाकट बाजूला होतं. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्याने वेदना कमी होतात, आणि डॉक्टरकडे जायचं, काटा आत राहतो कधीकधी. शिंगाळ्याचे काटेही तसलेच, गळाला लागला तर हाताने धरायचा नाही, पक्कड. समुद्री साप गळाला किंवा जवळ आला तर दोरा कापून मोकळं व्हायचं, विषारी असतो. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं.

किनाऱ्याला लावताना अजून एक. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही, लाट कयाकला ढकलते आणि ती थेट गुडघ्यावर येते. माझ्या डाव्या गुडघ्याला जी खूण आहे ती समुद्रातल्या कुठल्याही प्राण्याची नाही, माझ्याच कयाकची आहे. लाटेला आडवं होऊ द्यायचं नाही, एका लाटेच्या पाठीवरून आत यायचं, रॉड आधीच आडवा बांधून ठेवायचा.

परत निघताना रील आणि पक्कड गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या रविवारी गंज. बर्फ बंदरावरच भरून घ्या. पहाटेपासून उन्हात बसल्यावर ताम्हिणीत डोळे मिटायला लागतात, म्हणून माणगावला थांबून अर्धा तास खरंच झोपा, शार्कपेक्षा त्या वळणांना मी जास्त मानतो. चांदणी चौकात पोचेपर्यंत चार वाजतात. आणि तांबोशी मिळाली असेल तर डोकं फेकू नका, आमसूल घालून त्याचं कालवण करा, शेजारचे विचारायला येतात.